एकास बारा

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर प्रयागबाईंचे दोन गाळे आहेत आणि दोन्हींपुढे मिळून एकच सलग ओटा आहे. ओट्याची उंची चोपन्न सेंटिमीटर. चढायला समोरून तीन पायऱ्या, पण तिन्हींची उंची वेगळी: खालची एकवीस, मधली सतरा, वरची सोळा. डाव्या गाळ्याचं शटर हिरवं आणि बंद. उजव्यावर ‘सुदर्शन कृषी सेवा केंद्र’ अशी पाटी. पाटीखाली ओट्यावर खताच्या बावीस गोण्या आणि त्यांवर झोपलेलं एक मांजर. उजव्या टोकाला ओटा संपतो. तिथून पुढे मोकळी जागा, आणि ओट्याच्या कडेपासून आठशे एक सेंटिमीटरवर रेल्वेच्या कुठल्याशा जुन्या सर्वेक्षणात रोवलेला, पांढरा रंग उडालेला एक दगड.

ही सगळी मोजणी झेबाने खाली रस्त्यावर, आपल्या चाकाच्या खुर्चीत बसून केली. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं तिच्या अब्बांच्या. गाळा आतून कसा आहे ते तिने पाहिलं नव्हतं. अब्बा आत जाऊन मापं ओरडून सांगत होते आणि ती लिहून घेत होती.

गाळा तिने घेतला होता रेल्वेची तिकिटं विकायला.

आता जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके मिळून रेल्वेचा एक रूळ नाही. पण म्हणून रेल्वेने जाणारी माणसं नाहीत असं थोडंच आहे? निमगाव साव्याची पोरं फौजेत जम्मूला असतात. कांद्याच्या मोसमात मार्केटला आलेले बिहारचे मजूर छटपूजेला घरी जातात. मंचरच्या बटाटेवाल्यांना आग्र्याला जायचं असतं. ही सगळी माणसं तिकिटासाठी कल्याणला नाहीतर पुण्याला जात, किंवा मोबाइलवर भाच्याला तिकीट काढायला सांगत, आणि भाचा तारीख चुकवी. झेबाने हे हेरलं, अर्ज केला आणि परवाना मिळवला. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलेल्या मुलीने तिकिटं का विकायची, असं तिला दोघातिघांनी विचारलं. तिने सांगितलं की वेळापत्रक हासुद्धा गतीचाच धडा आहे. ते ऐकून माणसं पुढे काही विचारत नसत.

परवाना मात्र अजून पक्का नव्हता. त्याला एक अट होती. दिव्यांगांच्या हक्कांचा जो कायदा आहे, त्यात बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ सगळ्यांना जाता-येता येईल असे असावेत, असं म्हटलं आहे. ओतूरला या तिन्हींपैकी एकच होतं, आणि तिथेही फलाटावर जायला पायऱ्याच होत्या. पण परवाना देणाऱ्या कार्यालयाचं म्हणणं असं की जिथे रेल्वेचं तिकीट विकलं जाईल ती जागा स्थानकाच्याच मापाने मोजली जाईल. रॅम्प हवा, तो एकास बारापेक्षा खडा नको. रॅम्पच्या पायथ्याशी खुर्ची वळवायला दीड मीटर सपाट जागा हवी. दोन्ही बाजूंना कठडा हवा. तपासणी होणार, आणि त्यात नापास झालं की परवाना यादीतल्या पुढच्या नावाला. पुढचं नाव आळेफाट्याचं होतं.

अट वाचून अब्बा चिडले. म्हणाले, गावात रेल्वे नाही आणि रेल्वेचा कायदा आधी आला. झेबा मात्र खूश झाली. नववीतल्या अपघातानंतर तिचं सगळं शिक्षण खुर्चीत बसून झालं, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेपुढे पाच पायऱ्या होत्या. तीन वर्षं दोन मुलं तिला रोज खुर्चीसकट उचलून वर नेत. मुलं चांगली होती, कधी कुरकुरली नाहीत. पण तीन वर्षांत ती एकदाही वर गेली नव्हती, तिला नेण्यात आलं होतं. स्वतःच्या दुकानात कुणी उचलून न्यायचं नाही, हे तिने कायदा वाचण्याच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. आता तेच सरकारी कागदावर छापून आलं होतं, तर तिला आनंदच होणार.

रॅम्पसाठी पिंपळवंडीचे कुशाबा गवंडी ठरले. कुशाबांचा हात चांगला, पण ते आपल्या मनाचं फार घालतात अशी ख्याती होती, आणि झेबाला त्याचा अनुभव होता. घरच्या न्हाणीघराचा उंबरा काढून जमीन सपाट करा म्हणून तिने त्यांना सांगितलं, तर पाणी बाहेर येऊ नये म्हणून त्यांनी उंबरा आणखी चार बोटं वाढवून ठेवला होता, आणि वर चहाच्या वेळी त्याबद्दल शाबासकीची वाट पाहत बसले होते. तेव्हा तिने या वेळी सगळं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: ‘रॅम्प. प्रमाण १:१२. रुंदी १२० सें.मी. दोन्ही बाजूंना कठड्यासाठी भोकं.’ जागा तोंडी सांगितली, ओट्याच्या उजव्या टोकाला, दगडाच्या दिशेने. प्रयागबाईंचा होकार आधीच घेतला होता. आणि कागद देताना बजावलं की लिहिलंय तसंच करायचं, आपल्या मनाचं काही म्हणून घालायचं नाही.

मग ती तिकिटांच्या संगणकाचं शिक्षण घ्यायला अब्बांच्या टेम्पोतून पुण्याला गेली. चार दिवसांनी, शनिवारी दुपारी परत आली ती थेट गाळ्यावर.

रॅम्प झाला होता. पण उजव्या टोकाला नव्हे, समोरच, पायऱ्यांच्या शेजारी. घरापुढे गटार ओलांडून मोटारसायकल चढवायला लोक करतात तसा, आखूड आणि ताठ. झेबाने नुसत्या नजरेनेच अंदाज केला: दहा फूट, फार तर. शेजारी कुशाबा टोपी नीट करून उभे होते. उद्घाटनाला पाहुणा आल्यासारखे ते दोन पावलं मागे सरले आणि हाताने ‘चला’ अशी खूण केली.

चढ बघून तिला चढायचं नव्हतंच, पण निदान पायथा बघावा म्हणून तिने खुर्ची पुढे घेतली. पुढची दोन छोटी चाकं रॅम्पवर टेकली आणि आत गेली. म्हणजे रुतलीच. ओल्या वाळूत रुततात तशी. अब्बांनी खुर्ची मागे ओढली, तर चाकांबरोबर रॅम्पचा एक घासही खाली आला. अब्बा वेल्डिंगचं काम करतात, कांद्याच्या चाळी उभ्या करतात. सिमेंटशी त्यांचा रोजचा संबंध. त्यांनी वाकून एक ढेकूळ उचललं आणि चिमटीत दाबलं. बेसनाचा लाडू फुटावा तसं ते फुटलं.

“कुशाबा,” अब्बा म्हणाले, “यात सिमेंट घातलंय, का नुसता वास दिलाय?”

कुशाबांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत आपल्याला कुणी असं बोललं नाही, या हाताने ओतुरात किती घरं उभी राहिली ती मोजा, वगैरे त्यांनी बरंच ऐकवलं. ते ऐकवता ऐकवताच खिशातून झेबाचा कागद काढला. तो इतक्या वेळा उघडला-मिटला होता की घड्यांवर फाटत आला होता.

“हे बगा. तुमचंच अक्षर. प्रमान एकास बारा. म्या दोनदा वाचलं. मंग सुदर्शनभाऊकडनं वाचून घ्येतलं. एका पाटी शिमिटाला बारा पाट्या वाळू. एकास सानं भिंत हुती, एकास चारनं गिलावा हुतो. एकास बारानं काय हुतं ते मला तरी कुटं ठावं? म्हनलं, रेल्वेचं काम हाय, रेल्वेचं कायतरी येगळं आसंल.”

“मग विचारायचं ना, काका.”

“इचारनार व्हतो. पन तुमी म्हनला व्हता, आपल्या मनाचं काय घालायचं न्हाई.”

झेबाने कागद घेतला. तिचंच अक्षर, सुरेख, सरळ ओळीत. ‘प्रमाण १:१२’ असं लिहिलं होतं. कशाचं कशाशी, हे कुठेच लिहिलं नव्हतं. उतार हा शब्दच नव्हता. प्रयोगवहीत असं लिहिलं असतं तर तिच्या सरांनी त्याखाली लाल रेघ मारली असती, आणि ती मारताना चष्म्यावरून बघितलंही असतं. ती कागदाकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. आधी ती हसली, मग अब्बा, आणि शेवटी, आपल्याला हसत नाहीयेत याची खात्री करून, कुशाबा.

“आणि समोर का केला?” हसू ओसरल्यावर तिने विचारलं.

ते शेजारच्या कृषी केंद्रवाल्या सुदर्शनचं काम होतं. उजव्या टोकाच्या मोकळ्या जागेत त्याचा खताचा ट्रक लागायचा. झेबा पुण्याला गेलेली बघून त्याने कुशाबांना सांगितलं की इथे नको, समोर करा, सगळे समोरच करतात. कागदावर जागा लिहिली नव्हती, आणि समोर करण्यात कुशाबांना काही वावगं दिसलं नाही.

तपासणीला अकरा दिवस होते. काँक्रीटला सुकायला निदान आठवडा द्यायचा, तर हातात चार दिवस राहतात, हे तिघांनाही न बोलता कळलं. कुशाबा म्हणाले, जुनं फोडायची मजुरी आपण घेणार नाही. झेबा म्हणाली, निम्मी चूक माझी आहे. त्यावर थोडा वेळ वाद झाला, कारण कुशाबांना पूर्ण चूक स्वतःकडे हवी होती. निम्मी घेणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

“आता नीट ऐका,” ती म्हणाली. “सिमेंटचं तुमचं तुम्ही बघा, भक्कम करा. माझं एकास बारा हे चढाचं आहे. वर जायला एक, तर पुढे जायला बारा.”

“एक काय? बारा काय?”

“काहीही घ्या. एक वीत वर, बारा विती पुढे. एक इंच वर, तर बारा इंच पुढे.”

“बारा इंच म्हंजी फूट,” कुशाबा म्हणाले. आणि मग जरा वैतागूनच, “मंग इंचाला फूट म्हना की, ताई. हे एकास बारा कशाला काढलं?”

झेबाने आपल्या टेपकडे पाहिलं. तिने सगळी मापं सेंटिमीटरमध्ये घेतली होती, आणि सेंटिमीटरमध्ये बारा हा नुसता एक आकडा असतो. कुशाबांनी खिशातला पितळी टेप काढला, ओट्याला लावला आणि सांगितलं, सव्वाएकवीस इंच. म्हणजे रॅम्प सव्वाएकवीस फूट. ना गुणाकार, ना कागद. झेबाने मनात ते सेंटिमीटरमध्ये करून बघितलं. चोपन्न गुणिले बारा, सहाशे अठ्ठेचाळीस. सव्वाएकवीस फुटांचे होतात सहाशे सत्तेचाळीस पॉइंट सात. तीन मिलिमीटर कमी.

“सव्वाएकवीस फुटांवर बोटभर जास्त धरा,” ती म्हणाली.

“बोट कुनाचं?”

“तुमचं.”

पण बोटभरच, याचं कारण तो दगड होता. ओट्यापासून दगडापर्यंत आठशे एक. त्यातून पायथ्याच्या सपाट जागेचे दीडशे वजा केले की उरतात सहाशे एकावन्न. रॅम्प सहाशे अठ्ठेचाळीसपेक्षा आखूड झाला तर खडा, सहाशे एकावन्नपेक्षा लांबला तर खाली खुर्ची वळवायला जागा अपुरी. म्हणजे सगळा कायदा पाळायला हातात तीन सेंटिमीटरची फट. दगड हातभर मागे घेतला असता तर प्रश्नच मिटला असता. पण तो विषय काढायची सोय नव्हती. प्रयागबाई रोज चार वाजता त्या दगडावर बसून स्टँडवर कोण उतरलं, कोण चढलं ते बघत.

“त्यो सरकारी दगड हाय,” त्यांनी सांगून टाकलं. “रेल्वे यायची झाली तर हितनंच यील. आन आली न्हाई तर मी बसाया हायेच. हात लावायचा न्हाई.”

उरला सुदर्शन. जागा प्रयागबाईंची, पण ट्रक त्याचा, आणि सहा वर्षांचा जुना भाडेकरू तो. तुम्ही दोघं आपसात मिटवा, असं सांगून प्रयागबाई दगडावर बसल्या. मिटवताना बघायला त्यांना तिथून चांगलं दिसत होतं.

सुदर्शन तसा वाईट माणूस नव्हता. झेबाला तो ताई म्हणे, ईदला शीरखुर्मा मागून घेऊन जाई. पण त्याचं म्हणणं साधं होतं: तिथे रॅम्प केला तर ट्रक मागे लावता येणार नाही, गोण्या आणखी लांबून वाहाव्या लागतील, आणि वाहणार कोण? त्याचा हमाल भिका पंधरा दिवस कंबर धरून घरी पडला होता. तेव्हापासून सुदर्शन स्वतःच गोण्या वाहत होता. बोलतानाही त्याचा एक हात कमरेवर होता, आणि दगडावरून शेरा आला की नवी नवरी चालतीया जनू.

झेबाने वाद घातला नाही. तिने त्याला दोन वस्तू मागितल्या: गोणीची ढकलगाडी आणि भुसार मोजायचा ताणकाटा. अब्बांनी टेम्पोतून बारा फुटांची जाड फळी आणली. कुशाबांनी विटांचा एक फूट उंच थर लावून फळीचं एक टोक त्यावर टेकवलं.

“इंचाला फूट,” कुशाबांनी जमलेल्यांना समजावलं. जमले होते एक कंडक्टर, उसाच्या रसाचे गिऱ्हाईक आणि दोन पोरी ज्यांची बस चुकली होती.

गाडीवर युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी ठेवली. ताणकाट्याचा हूक गाडीच्या दांडीत अडकवला.

“सुदर्शनभाऊ, ही गोणी खांद्यावर घेतली तर किती वजन?”

“पंचेचाळीस. इचारायचं काय त्यात.”

“आता काटा धरून ओढत वर न्या. हळू. आणि काटा किती दाखवतोय ते मोठ्याने सांगा.” तिने आधीच आकडा काढला होता, पण सांगितला नाही.

सुदर्शनने ओढायला सुरुवात केली. सवयीने त्याने कंबर वाकवून जोर लावला आणि गाडी इतक्या सहज आली की तोच मागे पडता पडता राहिला. दगडावरून हसण्याचा आवाज आला. त्याने पुन्हा खालून सुरुवात केली, या वेळी एका हाताने.

“साडेपाच,” तो म्हणाला. काटा अडकलाय की काय म्हणून त्याने तो झटकून बघितला. पुन्हा ओढलं. “साडेपाच.”

“गाडी आणि गोणी मिळून त्रेपन्न किलो. त्याचा बारावा भाग साडेचारच्या आत. वरचं एक किलो चाकांच्या घासण्याचं. चाकांना तेल दिलंत तर तेही कमी होईल.”

सुदर्शनने वाकून चाकांकडे बघितलं. त्याने गाडीवर आणखी एक गोणी ठेवली आणि ती वर नेली. मग फळीच्या वरच्या टोकाला उभा राहून त्याने ओट्याच्या टोकाकडे पाहिलं, ट्रक लागायचा त्या जागेकडे पाहिलं, दोन्हींमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं.

“म्हंजी ट्रक दगडाच्या पल्याड लावायचा,” तो सावकाश म्हणाला, “आन तिथनं गाडी थेट वर.”

“थेट वर.”

“भिकाला मी हे आदी दावायला पायजे व्हतं.” आणि मग, व्यापारी माणूस असल्यामुळे, “पन ताई, रॅम्पवर माझी गाडी चालंल ना? कायद्यात बसतं ना ते?”

झेबाने सांगितलं की चाक कुणाचं आहे हे कायदा विचारत नाही. मात्र तिचीही एक अट होती. रॅम्पवरून तिच्या गाळ्याकडे जायचं ते सुदर्शनच्या दारावरून, ओट्यानेच. तेव्हा ओट्यावर एकशे वीस सेंटिमीटरची वाट कायम मोकळी हवी. म्हणजे त्या बावीस गोण्या आत. सुदर्शन कबूल झाला. मांजराला कुणी विचारलं नाही. त्याने आपला मुक्काम प्रयागबाईंच्या दगडाशेजारी हलवला.

पुढचे तीन दिवस कुशाबांनी काम केलं ते बघण्यासारखं होतं. एकास बाराची वाळू फावड्यानेच निघाली, घण लागलाच नाही, आणि त्याबद्दल अब्बांनी त्यांना पुरेसं ऐकवलं. नव्या रॅम्पला बाजूच्या भिंती आल्या, मुरूम ठोकून बसला, वर काँक्रीट पडलं. शेवटी एकदा भांडण झालंच. कुशाबांना वरचा भाग आरशासारखा घोटायचा होता, कारण घोटाईत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. झेबाला तो खरखरीत हवा होता, पावसात चाकं घसरू नयेत म्हणून. शेवटी ओल्या सिमेंटवर आडव्या रेघा ओढायला त्यांनी खराटा हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की जणू कुणी त्यांना स्वतःच्या मुलीच्या लग्नात वाढपी केलं होतं. एका रात्री मांजर त्या रेघांवरून चालत गेलं. चार पावलं उमटली. कुशाबा ती बुजवायला निघाले, तर झेबाने नको म्हटलं. वर जाणारं पहिलं गिऱ्हाईक ते होतं.

मग पोत्याची किलतानं अंथरून पाणी मारणं सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ कुशाबा स्वतः मारत, दुपारी सुदर्शन. सुदर्शनचं पाण्यावर इतकं लक्ष होतं की प्रयागबाईंनी त्याला विचारलं, घरच्या टोमॅटोला तरी येवढं पानी देतो का? कुणालाही वर पाय ठेवायची परवानगी नव्हती. दोनदा फौजेतल्या पोरांच्या आया तिकिटांची चौकशी करायला आल्या आणि कुशाबांनी त्यांना रॅम्पवरून हाकलून पायऱ्यांकडे पाठवलं. अब्बांनी कठडा आणून बसवला, दोन उंचींच्या दांड्यांचा, एक उभ्याने धरायला आणि एक बसल्याने. हे त्यांनी कुणाला न विचारता केलं आणि नंतर झेबाने बघितलं तर कायद्यातही तसंच होतं.

झेबाही चढली नाही. मंगळवारी संध्याकाळी किलतानं निघाली, सगळे तिच्याकडे बघू लागले. ती म्हणाली, उद्या. रॅम्पची लांबी तिने मोजलीच नव्हती. रोज टेप पिशवीत असायचा. पण कुशाबांनी वरचं माप आपल्या बोटाने धरलं होतं, आणि ते ओल्या कामावर टेप लावू देत नव्हते. सुकल्यावर मोजलं आणि कमी भरलं तर काय करणार, हा प्रश्न होता. आता फोडून नवीन करायला दिवस उरले नव्हते. बोट जाड की बारीक एवढाच हिशोब राहिला होता, आणि तो आता टेपने बदलणार नव्हता.

बुधवारी साडेदहाला तपासणीस बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लटकवलेला, हातात फाइल. बरोबर एक मदतनीस, त्याच्याकडे पोलादी टेप. बाईंनी रॅम्पकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि आज सकाळपासूनच दगडावर बसलेल्या प्रयागबाईंकडे पाहिलं.

“आजी, तुम्हाला जरा उठावं लागेल.”

“मी हललं तर माप बदलंल का?”

बाईंनी विचार केला आणि नाही म्हणाल्या. प्रयागबाई बसून राहिल्या.

“परवाना कुणाच्या नावावर आहे?”

झेबाने हात वर केला.

“मग तुम्ही आत जाऊन तुमच्या जागेवर बसा. तिकिटाच्या टेबलाची उंची बसलेल्या माणसाच्या हिशोबाने बघतो आम्ही. बाहेरचं आम्ही मोजतो तोपर्यंत.”

अब्बा सवयीने खुर्चीच्या मागे आले आणि दोन पावलांवर थांबले. कुशाबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

झेबाने पायथ्याच्या सपाट जागेत खुर्ची वळवली. चाकांच्या कड्या धरल्या आणि ढकललं. खराट्याच्या रेघांवरून चाकं एक बारीक कुरकुर आवाज करत वर निघाली. जोर लागत होता, पण तो जोर तिच्या ओळखीचा होता. अंगणातल्या मातीवर एवढाच लागतो. मध्ये एकदा हात सोडून बघावं असं तिला वाटलं आणि तिने सोडले नाहीत. मांजराच्या पावलांवरून गेली. मग कुरकुर थांबली आणि चाकं गुळगुळीत फरशीवर आली. सुदर्शन आपल्या दारात बाजूला सरून उभा होता, कमरेवर हात नसलेला. ती त्याच्यासमोरून, बी-बियाण्यांच्या रंगीत पाकिटांसमोरून, मोकळ्या ओट्यावरून हिरव्या शटरखाली गेली.

गाळ्यात नव्या रंगाचा वास होता. डाव्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या कॅलेंडरचा खिळा राहिला होता. तो अब्बांनी कधी सांगितला नव्हता. मागच्या बाजूला एक छोटी खिडकी होती आणि तिच्यातून मार्केटकडचं शेवग्याचं झाड दिसत होतं. तीही कधी सांगितली नव्हती. ती टेबलामागे गेली, गुडघे टेबलाखाली घातले आणि पुढे पाहिलं. समोरून एसटी स्टँड दिसत होता, नारायणगावची गाडी लागत होती.

बाहेर टेपची पट्टी सरसरत उलगडली. कुशाबा कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते की इंचाला फूट, वर बोटभर. कुणीतरी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

“उंची?” बाईंचा आवाज आला.

“चोपन्न,” मदतनीस म्हणाला.

पावलं रॅम्पवरून खाली उतरत गेली. टेप ताणला गेला. मध्येच नारायणगावच्या गाडीची घंटी वाजली.

“उताराची लांबी?”

“सहाशे एकावन्न.”

“पायथा?”

“दगडापर्यंत दीडशे.”